आजीचं ‘गोदावरी’ नाव लेकीला ठेवावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी तीन आठवड्यांची आहे. बाळंतपण माहेरी, नाशिकला झालं. सव्वा महिना झाला की बारसं करायचंय आणि मग बंगळुरूला परत जायचंय. तुमच्या मनात तुमच्या आजीचं, आईच्या आईचं, ‘गोदावरी’ हे नाव आहे. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा पोरीला म्हातारीचं नाव कशाला?’ नवऱ्याला वाटतं, शाळेत चिडवतील. आणि तुम्हाला स्वतःला अशी शंका आहे की आपण आपली हौस पोरीवर लादतोय का.

मी काही नावांची पंडित नाही. साताऱ्याकडे ३४ वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. १९८४ ला लागले, २०१८ ला निवृत्त झाले, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका. दर जूनमध्ये पहिलीची नावं जनरल रजिस्टरात माझ्या हाताने चढवली आहेत. बारशाची माणसं घुगऱ्या खाऊन घरी जातात. त्या नावाचं पुढे काय होतं ते आम्ही बघतो. तेवढ्या अनुभवावर लिहिते.

तुमच्या घरात तिघंजण ‘जुनं नाव’ म्हणताय, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं काहीतरी आहे. सासूबाईंना चेहरा दिसतोय, नवऱ्याला वर्ग दिसतोय, तुम्हाला आजी दिसतेय. शिवाय एक चौथी गोष्ट आहे, जी तुमच्या पत्रात कुणीच बोललेलं नाही. तिच्याकडे मी नंतर येते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे.

आधी चेहऱ्याचं. मी शाळेत लागले तेव्हा माझ्या वर्गात संगीता तीन, सुनीता दोन, आणि मुलांत संजय, सुनील, राजेंद्र. त्यांच्या आया शालन, मालन, सुमन, कमल. आज्या हौसाबाई, कृष्णाबाई, तानूबाई. मग सचिन-अमोल-राहुल आले, मग अक्षय-ओंकार-शुभम आणि पूजा-प्रियांका, मग अथर्व-वेदांत आणि सानिका-श्रावणी. मी निवृत्त झाले त्या वर्षी शौर्य आणि रुद्र ओळीने बसले होते. हे सगळं एकाच रजिस्टरच्या पुढच्या-मागच्या पानांवर बघितल्यावर एक गोष्ट लक्षात येते. लोक आईच्या पिढीचं नाव मुलीला ठेवत नाहीत. आजीच्या पिढीचं फार क्वचित ठेवतात. पणजीच्या पिढीचं मात्र हळूहळू परत येतं. मीरा, तारा, रमा, मुक्ता, अहिल्या, सई. मुलांत केशव, माधव, राघव. ही सगळी नावं मी लागले तेव्हा वर्गात शोधून सापडली नसती. आमच्या संगीताला अजून तीस-चाळीस वर्षं तरी थांबावं लागेल.

याचं कारण साधं आहे. आजीला आपण बघितलेलं असतं: सुरकुत्या, कवळी, गुडघ्याचं तेल. पणजीबद्दल फक्त ऐकलेलं असतं. नावाला चिकटलेला चेहरा पुसला गेला की उरतो तो नुसता उच्चार, आणि तो पुन्हा कोरा वाटतो. गोदावरी तुमची आजी असली तरी बाळाची पणजी आहे, म्हणजे हिशेबाने नाव बरोबर जागेवर आलंय. सासूबाईंचं तसं नाही. त्यांना ‘गोदाबाई’ भेटली असेल ती नऊवारीतली, मिश्री लावणारी, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारी. त्या नावाबरोबर ती बाई येते, त्याला त्या तरी काय करणार? त्यांना दोष देऊ नका.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. सगळी जुनी नावं सारख्या मानाने परत येत नाहीत. रमा, उमा, मुक्ता आल्या. ठकू, हौसा, शेवंता, बायडा, कोंडाबाई नाही आल्या. रुक्मिणी कुणीतरी ठेवतं, रखमा कुणी ठेवत नाही. खरं तर दोघी एकच, एक पोथीतली आणि एक शेतातली. पुण्यातल्या उच्चशिक्षित घराने मुलाला विठ्ठल म्हटलं तर लोक कौतुक करतात. आमच्या शाळेत ऊसतोड मजुराचा विठ्ठल आला की त्याचं कौतुक कुणाला वाटायचं नाही, ‘मागास घर’ एवढंच मनात यायचं, शिक्षकांच्यासुद्धा. त्यामुळे जुनं नाव पेलणं सोपं की अवघड, हे नावापेक्षा ते कुठल्या घरातून आलंय यावर जास्त ठरतं. तुम्ही दोघं बंगळुरूला नोकरीला, बरी शाळा निवडणारे. तुमच्या मुलीला गोदावरी हे नाव जड जाणार नाही. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, पण आहे तसं आहे.

आणि काही नावं जुनी झाली ते उत्तमच झालं. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते तुम्ही तेव्हा वाचलं असेल. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं ते नाव. आमच्याकडेही एक नकोशी होती. हजेरी घेताना मी तिचं नाव घाईघाईने उरकायचे, जणू पटकन म्हटलं की अर्थ लागणार नाही. नाव बदलल्यावर मुलांनी आठवड्याभरात नवं नाव उचललं. घरच्यांना दोन वर्षं लागली.

पण धोंडू, दगडू, भिकू यांना मी त्या रांगेत बसवत नाही. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव ठेवायचे, म्हणजे काळाची नजर पडू नये. नाव ओबडधोबड, पण हेतू उलटा: हे मूल हवंच आहे. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. ते नाव कुठल्या कारणाने ठेवलं असेल ते असो, माणूस १०४ वर्षं जगला. साधारण १९९५ च्या सुमारास माझ्या वर्गात चार अमोल, तीन राहुल आणि एक धोंडीराम होता. पहिले पंधरा दिवस पोरांनी त्याला धोंडा म्हणून पिडलं. मग एका दुपारी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘माझ्या आधीची दोघं गेली. मी जाऊ नये म्हणून आजीनं मला धोंडा केला.’ वर्ग गप्प. त्यानंतर अमोलला अमोल-एक, अमोल-दोन म्हणावं लागायचं, धोंडीराम मात्र एकच होता. ही गोष्ट त्याला आजीने सांगितली होती म्हणून तो सांगू शकला. गोष्ट माहीत नसती तर तो नुसताच धोंडा राहिला असता.

आता चिडवण्याबद्दल, कारण ती तुमच्या नवऱ्याची काळजी आहे आणि ती खोटी नाही. मुलं चिडवतात. पण जुन्या नावालाच चिडवतात हे मी नाही पाहिलं. आमच्या शाळेत विहानचं विमान झालं आणि रेयांशचं रेशन झालं. पोरांना यमक पुरतं, काळ बघत नाहीत. मराठी मुलगा असेल तर त्याचं कुठलंही नाव तिसरीपर्यंत ‘या’वर जाणारच: सच्या, राहुल्या, विठ्या. मुलीचं ‘ई’वर: गोदी. ‘गोदी’ ऐकून तुम्हाला राग येणार असेल तर आत्ताच येऊ द्या, कारण ते होणार. मला विचाराल तर गोदी, गोदा, गोदू या तिन्हींत वावगं काही नाही.

ज्या नावांवर विनोद बसलेला असतो ती वेगळी. बंड्या, गंप्या, चिंगी ही विनोदातलीच माणसं होऊन बसली. १९७५ साली दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला आणि पांडू म्हणजे पोलीस हे इतकं घट्ट झालं की पांडुरंगासारखं नाव ठेवायला लोक दोनदा विचार करू लागले. असं काही चिकटलेलं असेल तर मी सांगते, थांबा. गोदावरीवर असा डाग मला माहीत नाही.

या बाबतीत माझी एक चूक सांगते. पहिलीच्या पहिल्या दिवशी हजेरीत ‘पांडुरंग’ आलं आणि मी हसून म्हटलं, ‘अरे वा, साक्षात विठोबा आले!’ माझ्या मनात कौतुकच होतं. पण बाई हसल्या, म्हणजे वर्गाला परवाना मिळाला. पोरं त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहायची. चौथीपर्यंत ते चाललं. त्याच्या आईने मला नंतर एकदा अगदी शांतपणे विचारलं, ‘बाई, तुम्हीच सुरुवात केलीत ना?’ तेव्हापासून मी अनोळखी नाव आलं की फक्त नीट वाचायचे, पुढच्याकडे जायचे. शाळेत घालाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा, नाव कसं उच्चारायचं ते एकदा सांगा आणि मुद्दाम कौतुक करू नका म्हणावं. बाकीचं मुलं निभावून नेतात.

बंगळुरूसाठी तर हे नाव सोयीचं आहे. यात ‘ळ’ नाही, ‘ज्ञ’ नाही. आमच्या रजिस्टरातला प्रत्येक गोपाळ आधारकार्डावर गोपाल होऊन आला आणि ज्ञानेश्वराची इंग्रजी स्पेलिंगं तर मी पाच प्रकारची पाहिली आहेत. गोदावरी एकाच तऱ्हेने लिहिलं जातं. शिवाय तिकडे तुमच्या सोसायटीत तेलुगू शेजारी असतीलच. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते; पूर्व गोदावरी, पश्चिम गोदावरी हे तिथले जिल्हे आहेत. म्हणजे हे नाव त्यांना तुमच्याइतकंच घरचं. इंग्रजीत पहिली तीन अक्षरं वाचून एखादं पोर तिला देव म्हणेल, तेवढं चिडवणं मला चालेल.

मला चिडवण्यापेक्षा दुसरी भीती जास्त वाटते. ठेवलेलं नाव वापरलंच न जाण्याची. एकदा पहिलीत एक भागीरथी आली. मोठ्या हौसेने पणजीचं नाव ठेवलेलं. मी हजेरी घेतली, ‘भागीरथी’, कुणी उठेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी दारात उभ्या आईने खुणावलं, ‘परी, अगं तू!’ त्या मुलीला स्वतःचं नाव माहीत नव्हतं. घरात सहा वर्षं परी, शेजारी परी, आजोळी परी. जुनं नाव फक्त कागदावर आणि देवाच्या फोटोशेजारी. दहावीच्या फॉर्मपर्यंत ती त्या नावाला परक्यासारखीच वागवत राहिली आणि शेवटी घरच्यांना म्हणाली, ‘हे का ठेवलंत?’

हे असं होण्यामागे एक जुनी अडचण आहे. पूर्वी सून सासऱ्याचं नाव घ्यायची नाही. मग नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की पंचाईत: त्याला रागवायचं कसं? ‘गणपत, मेल्या, थांब!’ असं मामंजींच्या नावाने कसं ओरडणार? म्हणून ज्याला वडिलधाऱ्याचं नाव त्याला हाक मात्र बाळ, अप्पा, नाना, बापू. जुन्या घरांत इतके बाळ आणि इतके अप्पा का, याचं एक कारण हे. आता नावं न घेण्याचा रिवाज गेला, पण संकोच तसाच आहे.

म्हणून एक प्रयोग करा. घरात कुणी नसताना बाल्कनीत उभं राहून ओरडून बघा, ‘गोदावरी, खाली उतर आधी!’ मग चिडून, ‘गोदे, किती वेळा सांगायचं?’ मग झोपवताना हळू आवाजात. आजीच्या नावाने ओरडताना तुमची जीभ अडली तर समजा की सहा महिन्यांत घरात एखादी परी किंवा पिहू येणार. मग गोदावरी ठेवण्यात अर्थ नाही. आजीचा फोटो लावा, तो जास्त उपयोगाचा. जीभ अडली नाही तर अर्धा निर्णय झाला. हाकेला ‘गोदा’ ठेवा आणि कागदावर पूर्ण ‘गोदावरी’. मोठ्या नावातून छोटं केव्हाही काढता येतं, उलटं करता येत नाही.

आता ती चौथी गोष्ट. तुमची आजी म्हणजे आईची आई. नाव म्हातारीचं आहे ही तक्रार खरी असेलही, पण ते सुनेच्या माहेरच्या म्हातारीचं आहे, ही तक्रार तोंडातून निघत नाही. आपल्याकडे मुलाला नाव बापाकडून मिळतं ही समजूत इतकी मुरलेली आहे की सासूबाईंनाही ती जाणवत नसेल. त्यांच्या आईचं, त्यांच्या सासूचं नाव मागे राहिलं आणि सुनेच्या आजीचं पुढे आलं, एवढंच त्यांना टोचत असणार. मी चुकत असेन तर सोडून द्या. पण पालकसभेत बसून बसून मला हे वाचता येतं.

आणि या निमित्ताने तुम्ही स्वतः एक गोष्ट शोधून काढा. गोदावरी हे तुमच्या आजीचं माहेरचं नाव की सासरचं? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. त्या पिढीतल्या बहुतेक बायकांना दोन नावं होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं आणि जुनं तिथेच संपायचं. तुम्ही नामवंत बायका आठवून बघा. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी. आणि धोंडो केशव कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना बाया कर्वे म्हणतात, त्या गोदूबाई. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, १८९३ साली पुनर्विवाह केला तेव्हा आनंदी झाल्या. यमुना, यमुना, तापी, गोदा. नद्या सगळ्या माहेरी राहिल्या.

माझ्या आईचं असंच. माहेरी वेणू, सासरी सुलोचना. आम्ही भावंडं तिला सुलोचना म्हणूनच ओळखायचो, रेशनकार्डावर तेच. माझ्या भाचीने मुलीला तिचं नाव ठेवायचं ठरवलं आणि ‘सुलोचना’वर शिक्कामोर्तब होत होतं. तेवढ्यात आईची धाकटी बहीण म्हणाली, ‘तिला ते नाव कधी आवडलंच नाही गं. म्हणायची, हे डोळ्यांच्या डॉक्टराचं नाव वाटतं.’ साठ वर्षं ती त्या नावाला ओ देत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. शेवटच्या आजारात तिला सुलोचना म्हणून हाक मारली तर बघायची नाही, मावशीने ‘वेणू’ म्हटलं की डोळे उघडायची. भाचीने मग वेणू ठेवलं. आता ती चौथीत आहे. तिला कुणी विचारलं तर ही सगळी गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरासकट सांगते.

तुमच्या आजीची एखादी बहीण, भाऊ, चुलत नणंद, कुणी हयात असेल तर बारशाआधी फोन करा. गोदावरी माहेरचं निघालं तर प्रश्नच नाही. सासरचं निघालं आणि आजीला प्रिय होतं, तरी प्रश्न नाही. पण त्याखाली आणखी एखादं नाव दडलेलं निघालं तर पुन्हा विचार करा. आजी हयात आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. हयात असेल तर तिलाच विचारा. काही घरांत हयात माणसाचं नाव ठेवत नाहीत, तुमच्याकडे तसं असेल तर तीच सांगेल.

नाशिककर असाल तर तुम्हाला सांगायला नको, तुमच्याकडे नदीला गोदावरीसुद्धा फारसं कुणी म्हणत नाही, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात. तरी मुलीला पुढे सांगायला एक गोदावरी हवीच असेल तर गोदावरी परुळेकर आहेत. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या. वारली त्यांना गोदाराणी म्हणायचे, बाकी सगळे गोदूताई. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, ती त्यांच्याच नावाची. ‘म्हातारीचं नाव’ म्हणणाऱ्यांपुढे हे ठेवायला हरकत नाही. पण सासूबाईंपुढे नको, वाद घातल्यासारखं होईल.

सासूबाईंसाठी माझ्याकडे दुसरा उपाय आहे. त्यांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारा, आणि त्यांचं स्वतःचंही. नुसतं विचारायचं म्हणून नको, बसून ऐका. मी आतापर्यंत ज्या-ज्या सासवांना हे विचारलंय त्या अर्धा तास तरी बोलल्या आहेत. कदाचित त्यातून असं नाव निघेल जे तुम्हाला गोदावरीपेक्षा आवडेल. नाहीच निघालं, तर पाळण्यात एकाहून जास्त नावं घ्यायची आपली पद्धत आहेच, पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं असतं तसं त्यांच्या आईचं नावही पाळण्यात घ्या. दुसरं, बारशाला कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते ती आत्या. म्हणजे सासूबाईंची लेक. तिला आधी विश्वासात घ्या. लेकीच्या तोंडून आलेलं नाव आईला खाली पाडता येत नाही.

एक तडजोड तुम्हाला नक्की सुचवली जाईल: गोदावरी पाळण्यातलं, आणि कागदावर अनाया किंवा मायरा. मला ती आवडत नाही, भागीरथीचं जे झालं तेच होतं. पण घरात बोलणं बंद होण्याची वेळ आली तर घ्या, फक्त एका अटीवर, की तुम्ही आणि तुमचा नवरा तिला गोदाच म्हणाल. कागदापेक्षा हाक जास्त टिकते हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

घाई मात्र करू नका, आणि कायदाही करायला लावत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यातून ती पालिकेकडे गेली असेल, तरी एकदा खात्री करा. नोंदीत बाळाचं नाव लगेच लागत नाही. रकाना कोरा ठेवता येतो आणि वर्षाच्या आत नाव शुल्क न भरता घालता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेवढं ताणू नका अर्थात, आमच्याकडे असे कोरे दाखले घेऊन पालक जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचे आणि मग सगळ्यांचीच धावपळ. पण महिना-दोन महिने नाव नुसतं घरात वापरून बघायला काहीच अडचण नाही. एकदा लिहिलं की मग बदलणं म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, फेऱ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधार धरला जातो, म्हणजे तिथे जे अक्षर पडेल ते सगळीकडे जाणार.

आणखी एक. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर आधी मूल, मग आई, मग वडील, मग आडनाव असा क्रम आहे. पुढे कधी इकडे परत आलात तर तुमचं नाव तिच्या नावाला लागून येईल. तो सगळा क्रम एकदा मोठ्याने म्हणून बघा. चार अक्षरी गोदावरीनंतर तुमचं नावही लांबलचक असेल तर हजेरी घेणाऱ्या बाईंना दम लागेल, एवढाच त्याचा तोटा.

दाखला हातात आला की खिडकीवरच उभं राहून मराठी नाव वाचा. ‘गोदावरी’तली ‘री’ दीर्घ आहे ना ते बघा. आमच्या रजिस्टरात निम्म्या दुरुस्त्या वेलांटीच्याच होत्या.